युनूसचाचांचं कटर

युनूसचाचा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, खांद्याकडे बघायचे. लहान असताना मला वाटायचं की माझ्या खांद्यावर काहीतरी बसलंय. ते निघून गेले की मी हळूच हात लावून बघायचे. काही नसायचं. ते असं का बघतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. चाचांना जाऊन आता चार महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला तिथपर्यंत यावंच लागेल, आणि ते नीट जमेल की नाही याची खात्री नाही. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. घरात कागदावर आजवर उतरलं ते शाळेच्या वह्यांतलं आणि अर्जांवरचं. त्यामुळे कुठून सुरुवात करावी हेही मला कुणी सांगितलेलं नाही.

कोल्हारच्या अलीकडे पाटाच्या कडेला आमची दहा-बारा घरांची वस्ती आहे. चाचांचं घर अगदी शेवटचं. त्यांचा धंदा झाडं पाडण्याचा. बांधावरची बाभूळ असो, विहिरीत वाकलेला उंबर असो, नाहीतर घरावर आलेलं कडुलिंब, लोक युनूसचाचांनाच बोलवायचे. आधी ते कुऱ्हाडीनं आणि दोघांनी ओढायच्या करवतीनं कापायचे. नंतर त्यांनी पेट्रोलवर चालणारं कटर घेतलं. आमच्या भागात तेव्हा ते एकच होतं. ते सुरू झालं की पाटाच्या पलीकडची कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, चाचांबरोबर दोर धरायचे. दोर धरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. झाड पाडताना कटरवाला खोडाशी असतो. दोरवाला लांब, झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला, जरासा तिरका उभा असतो. झाडाच्या वरच्या भागाला बांधलेला दोर ताणून तो झाड आपल्याकडे वळवतो. कटर सुरू असताना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. आण्णांच्या खांद्यावर लाल टॉवेल असायचा. टॉवेल खांद्यावर आहे तोवर कापत राहायचं. टॉवेल हातात आला की कटर त्याच क्षणी बंद करायचं. कितीही घाम आला तरी आण्णा कामावर तोंड बाहीला पुसायचे, टॉवेलला कधी नाही.

दुसरा नियम आण्णांसाठी होता. कटर बंद झाल्याशिवाय त्यांनी दोर सोडायचा नाही. मधेच सोडला तर झाड उलटं फिरून चाचांच्या अंगावर येणार.

"तुझा जीव माझ्या हातात हाय, नीट वागत जा," आण्णा चाचांना म्हणायचे.

"आन् तुझा माझ्या डोळ्यात. मला च्या वेळेवर पाजत जा, न्हाईतर झापड येती," चाचा म्हणायचे.

हे ते इतक्या मोठ्यानं म्हणायचे की आमच्या घरातल्या भांड्यांना ऐकू जावं. कटरच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेलेले. स्वतःला ऐकू यावं म्हणून ते ओरडून बोलायचे आणि नवख्या माणसाला वाटायचं की भांडण चाललंय. हमीदाचाची, त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांनी कानात सांगितलेलं गुपित पुलापत्तुर जातं."

झाडाला हात लावण्याआधी चाचा कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोड ठोकायचे आणि आपला बरा असलेला डावा कान खोडाला लावायचे. आतून कुठं पोकळ आहे, कुठं भरीव, हे त्यांना तेवढ्यावर समजायचं. तेव्हा मात्र ते एकदम गप्प असायचे, आणि आजूबाजूची माणसंही आपोआप गप्प व्हायची. संध्याकाळी दारात बसून ते गोल कानशीनं साखळीचे दात घासत. एकेका दाताला तीन घास. तोंडानं मोजत. मधेच कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्या दातापासून सुरू.

आणि खुंटी. चाचांचं नाव त्या खुंटीमुळे झालं होतं. झाड पाडायच्या आधी ते आण्णांना सांगत, "गणपा, ठोक." आण्णा तीस-पस्तीस हात लांब जाऊन जमिनीत एक खुंटी ठोकत, आणि चाचा झाड असं पाडत की खोड बरोबर त्या खुंटीवर येऊन ती जमिनीत घुसायची. एकदा शाळेच्या आवारातला वाळलेला गुलमोहर पाडायचा होता. आमचे गुरुजी म्हणाले, "चाचा, भूमितीच्या दृष्टीनं हे अशक्य आहे. झाड पलीकडं झुकलेलं आहे."

"गुर्जी, भूमिती तुमी आत शिकवा. भाईर मी शिकवतो."

"आणि नाही जमलं तर?"

"नाय जमलं तर उद्यापासून मी बी तुमच्या शाळंत येऊन बसतो. पन जमलं तर समद्या पोरान्ला शेव-चिवडा."

आम्ही सगळी पोरं भिंतीवर बसून बघत होतो. झाड आलं, धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर खुंटी कुठंच दिसेना. चाचा गुरुजींकडे बघून दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. माणसं बघत असली की त्यांना भरतं यायचं. आण्णा दोर गुंडाळत हसत होते. शेव-चिवडा मिळाला.

मी सहावीत असताना रस्त्याच्या रुंदीकरणात कडेची जुनी झाडं पाडायला चाचांना बोलावलं गेलं. त्यातली एक चिंच पाडताना खोड उभं चिरलं आणि फिरलं. आण्णा त्याच्याखाली गेले. लोकांनी सांगितलं की चिंच आतून पोकळ होती, नशीब खराब. मीही तेच ऐकत मोठी झाले. त्या संध्याकाळी चाचांनी कटर होतं तसं पोत्यात घातलं आणि माळ्यावर फेकून दिलं. पुन्हा ते कुणी पाहिलं नाही.

त्यानंतरचे चाचा वेगळे होते. सगळ्यात आधी त्यांचा आवाज गेला. म्हणजे गेला नाही, पण ते इतकं हळू बोलायला लागले की जवळ जाऊन ऐकावं लागायचं. कान तर तसेच होते, त्यामुळे स्वतःचं बोलणं त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसणार. ते कुणाच्या वीटभट्टीवर राखणीला जाऊ लागले. दर महिन्याला आमच्या दारात लाकडाची मोळी आणून टाकायचे. हातकुऱ्हाडीनं फोडलेली, सारख्या लांबीची. आई म्हणायची, "भाऊ, पानी घ्या." ते माझ्या खांद्याकडे बघून मान हलवायचे आणि निघून जायचे. नऊ वर्षांत त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही.

मधल्या काळात स्वस्तातली कटरं घरोघर आली. कुठंतरी लांब एखादं सुरू झालं की चाचा असतील तिथं थांबायचे. बाजारात, रस्त्याच्या मधोमध, कुठंही. आवाज बंद होईपर्यंत एक पाऊल पुढं टाकायचे नाहीत. त्या वेळी जवळ जो कुणी असेल त्याच्या अंगाकडे, खांद्याकडे टक लावून बघायचे. एकदा कोल्हारच्या बाजारात एक भाजीवाली त्यांना खूप बोलली, "काय बघतो रं म्हाताऱ्या?" चाचांनी मान खाली घातली नाही. आवाज थांबल्यावरच ते हलले. मी तेव्हा दहावीत होते. मला त्यांची लाज वाटली होती. हे लिहायला नको होतं, पण तसं झालं होतं.

मागच्या वर्षी मी नगरला दुसऱ्या वर्षाला होते आणि तिथल्याच केडगावात खोली घेऊन राहत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर आमच्या मागच्या कडुलिंबाला वाळवीनं पोखरलेलं. अर्धं वाळून घरावर झुकलं होतं. वावटळीत त्याची एक फांदी पत्र्यावर पडून पत्रा चेमटला. शेजारच्या वस्तीवरचे दोन तरुण आपलं कटर घेऊन आले. आईनं त्यांना परतवून लावलं.

"मावशे, तासाभराचं काम हाय," त्यातला एक म्हणाला.

"असंल. पन युनूसभाऊ पाडतील."

"चाचा? त्यांचं मशीन आता भंगारात बी कुनी घ्यायचं न्हाई."

"तुला इचारलं का मी?"

आई मला घेऊन चाचांच्या घरी गेली. चाचा दारात खाटेवर होते. आईनं काम सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

"वहिनी, ते न्हाई जमायचं. मशीन मेलं ते. पेट्रोल बी काढलं नव्हतं मी. नऊ वर्सांत गोंद झाला असंल त्याचा. पिस्टन जाम धरला असंल."

"काढून बघा तर."

"बघून काय करू?"

"मग पडू द्या झाड घरावर. मी दुसऱ्याला हात लावू द्यायची न्हाई."

आई तिथंच उंबऱ्यावर बसली. चाची आत भांडी घासत होती. मग चाची आतून म्हणाली, "बघायला काय जातंय? काढा की."

चाचांनी शिडी लावली. पोतं खाली आणलं आणि गाठ सोडायला बसले, तर त्यांचा हात थांबला. "ही गाठ माझी न्हाई," ते म्हणाले. झाडं बांधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपली गाठ ओळखू येते. त्यांनी चाचीकडे बघितलं. ती भांड्यावरून हात फिरवत राहिली.

पोत्यात कटर जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. पुसलेलं. चिंचेचा भुसा कुठंही नव्हता. साखळी वेगळी काढून पत्र्याच्या डब्यात तेलात बुडवून ठेवलेली. चाचांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून नाकाशी धरलं. टाकी कोरडी ठणठणीत होती. मग त्यांनी कटर पायाखाली दाबलं आणि सुरू करायची दोरी धरली. मला वाटतं त्यांना ती अडकायला हवी होती. त्यांनी जोर लावून ओढली आणि दोरी सरसर बाहेर आली. आत पिस्टन फिरल्याचा आवाज झाला.

"कुनी केलं हे?" चाचा म्हणाले.

"कोन करनार? ह्या घरात दोघंच तर हाये," चाची म्हणाली. "तुमी पोत्यात टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच पेट्रोल काढलं. वासानं डोकं उठलं हुतं. मग तुमी पावसाळ्याआधी करायचात तसं केलं. प्लग काढला, चमचाभर ऑईल घातलं. आन् दर जुम्म्याला तुमी नमाजला गेलात की खाली काढायचं आन् दोनदा दोरी वढायची. पिस्टन धरू नये म्हनून."

"नऊ वर्सं?"

"मधी माझा हात मोडला हुता तवा दीड म्हैना न्हाई जमलं."

"कशापायी पन?"

"कशापायी म्हंजे? मशीननं काय केलं हुतं?"

चाचा खाली बसले. आई उंबऱ्यावरून त्यांच्याकडे एकटक बघत होती. तिच्या बघण्यात काहीतरी होतं, जे मला तेव्हा वाचता आलं नाही.

पिस्टन जिवंत होता, पण बाकी बरंच मेलं होतं. पेट्रोलची नळी बोट लावल्याबरोबर बिस्किटासारखी तुटली. हवेच्या फिल्टरचा स्पंज हातात पीठ होऊन आला. कार्ब्युरेटर उघडला तर आतला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला. चाचांनी सगळं एका वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं. मी मोबाईलवर फोटो काढले आणि नगरला जाऊन दुकानं हिंडले. तिसऱ्या दुकानातला माणूस फोटो बघून हसला. "ताई, हे मॉडेल तुमच्यापेक्षा मोठं असेल." पण त्याच्याकडे पडदा मिळाला, नळी मिळाली, प्लगही मिळाला. पडदा दुसऱ्याच कंपनीचा होता. चाचांनी कडेनं कात्रीनं कातरून तो बसवला. कातर सरळ गेली.

पेट्रोलमध्ये त्यांनी ऑईल मोजून घातलं. बाटली बराच वेळ हलवली. मग दोरी ओढली. पाच वेळा, दहा वेळा. कटर एकदा भुर्र करून गप्प झालं.

"पेट्रोल जास्ती गेलं," ते स्वतःशीच म्हणाले. प्लग काढला. ओला होता. लुंगीच्या टोकाला पुसून उन्हात ठेवला. ते पुन्हा एकेक गोष्ट सावकाश करत होते, जणू त्यांना घाई नव्हती. किंवा उशीर हवा होता. प्लग बसवून पुन्हा ओढलं. तिसऱ्या झटक्याला पांढरा धूर सुटला आणि तो आवाज नऊ वर्षांनी आमच्या वस्तीवर आला.

मी टाळ्या वाजवणार होते. पण चाचांकडे बघून हात तसेच राहिले. ते कटरकडे बघतच नव्हते. समोरच्या रिकाम्या अंगणात तीस-पस्तीस हात लांब, जिथं कुणीच नव्हतं, तिथं बघत होते. त्यांनी लगेच बटन दाबून ते बंद केलं. आपल्याच अंगणात उभे असून ते मला कुठल्यातरी परक्या गावात आल्यासारखे दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. माझे दोन मामेभाऊ दोर धरायला होते. चाचांनी कडुलिंब ठोकलं, कान लावला, दोर कुठं बांधायचा ते दाखवलं. खुंटी ठोकायला कुणाला सांगितलं नाही. झाड मागच्या मोकळ्या रानात पाडायचं होतं. पडण्याच्या बाजूची पाचरीसारखी खाच त्यांनी आधी कापून घेतली. ते काम खाली बघूनच होतं. मग ते खोडाच्या मागच्या बाजूला आले. आता समोर बघावं लागणार होतं.

मामेभावांच्या बाजूला, दोराजवळ, आई जाऊन उभी राहिली होती. तिच्या खांद्यावर टॉवेल होता. आण्णांचा नव्हे, तो तर त्यांच्याबरोबरच गेला. घरातला साधा, निळा.

कटर चाचांच्या हातात गुरगुरत होतं. ते कापत नव्हते. मामेभाऊ ओरडले, "चाचा, ताण दिलाय, घ्या!" चाचांना ऐकू गेलं नाही. ते आईकडे बघत होते. मग त्यांनी कटर बंद केलं आणि काहीतरी बोलले. त्या पुटपुटण्यातलं आईपर्यंत काहीच पोहोचलं नाही.

"काय म्हनता?" आईनं लांबून विचारलं.

ते पुन्हा बोलले. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला भाऊ!"

आणि चाचा ओरडले. नऊ वर्षांनी, पूर्वीच्या आवाजात.

"गणपानं टॉवेल हातात घेतला हुता! मी बघितला हुता, वहिनी!"

वस्तीवरची माणसं दारात आली.

"खोड चिरायला लागल्यालं त्याला दिसलं. त्यानं टॉवेल काढला. मला दिसला. पन खुंटी ठोकली हुती. ठेक्यावरची मानसं जमली हुती बघायला. म्हनलं, आनखी जरासं. आनखी जरासं कापलं की बरूबर खुंटीवर येतं. मी बटन दाबलं न्हाई. मशीन चालू हुतं म्हनून त्यानं दोर सोडला न्हाई!"

मी भिंतीला हात लावून उभी होते. माझ्या खांद्याकडे ते इतकी वर्षं काय बघत होते ते मला तेव्हा कळलं. आपण रडावं की त्यांच्या अंगावर धावून जावं, मला काहीच समजेना. दोन्हींतलं मी काहीच केलं नाही.

आई सावकाश चालत त्यांच्यापाशी गेली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

चाचांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी डावा कान पुढं केला.

"ठाऊक हाय म्हनलं. त्यान्ला घरी आनलं तवा एक मूठ मिटल्याली हुती. बाया म्हनत हुत्या राहू दे. मी एकेक बोट सोडवलं. टॉवेल हुता आत. खांद्यावरचा टॉवेल मुठीत कसा येतो, ते मला न्हाई कळायचं का? चौदा वर्सं मी त्यो धुतला."

"आन् बोलला न्हाई कदी?"

"मी का बोलू? बोलायचं तुमी हुतं."

चाचांनी हात जोडले. कटर खाली ठेवायचं भान राहिलं नव्हतं, ते तसंच दोन्ही दंडांत धरून त्यांनी तळवे जुळवायचा प्रयत्न केला. "माफ करा म्हनायला तोंड न्हाई मला."

"ते मला जमायचं न्हाई, भाऊ," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? झाड पाडा."

आणि ती परत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

चाचांनी डोळे पुसले. दोरी ओढली. कटर पहिल्याच झटक्याला सुरू झालं. भुसा उडायला लागला. झाड अर्ध्याच्या वर कापून झालं असेल तेव्हा आईनं टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला.

कटर त्याच क्षणी बंद झालं. इतकं एकदम की माझ्या कानात नुसती शांतता भरली. मामेभाऊ घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. खोड ठीक होतं, दोर ठीक होता, आसपास कोंबडंसुद्धा नव्हतं.

"काय झालं?" चाचांनी विचारलं. ते पांढरेफटक पडले होते.

आईनं त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. "काही न्हाई," ती म्हणाली, आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. "चालू द्या."

झाड रानात पडलं. अगदी हळू आल्यासारखं वाटलं. चाचांनी फांद्या छाटल्या, ओंडके केले. जाताना आईनं तांब्या पुढं केला. चाचांनी तो घेतला, उभ्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या उलटा करून पायरीवर ठेवला.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "माहीत होतं तर त्यांनाच का बोलावलंस?"

ती विळ्यानं कडुलिंबाच्या डहाळ्या सोलत होती. "दर म्हैन्याला मानूस दारात येतो आन् काहीतरी बोलायचं म्हनून उभा राहतो, आन् तसाच जातो. किती दिवस बघायचं ते?" मग डहाळी बाजूला टाकत म्हणाली, "मला बी आता होत नव्हतं."

त्यानंतर चाचा पुन्हा लहानसहान कामं घेऊ लागले. लाकडं मात्र आणेनासे झाले. आईनंही विचारलं नाही. आमच्या वस्तीवर काही लोक त्यांच्याशी बोलायचे बंद झाले, काही पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागले. माझ्याशी ते दोनदा बोलले. एकदा विचारलं, "कालेजात काय शिकिवतात?" मी सांगितलं, "इतिहास." ते म्हणाले, "म्हंजे झालेलं." मी हो म्हटलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आहे. पण कडुलिंबाच्या सकाळी लांबून ओरडलेला त्यांचा आवाज आठवला की तो राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीची सुट्टी संपवून नगरला जाताना. एसटी खड्ड्यांतून रखडत चालली होती आणि मी खिडकीशी होते. रस्त्याला लागून एका बांधावर चाचा बाभूळ कापत होते. पलीकडं दोन माणसं दोर धरून. कटरचा आवाज गाडीत येत होता. मी हात करणार, तेवढ्यात रस्त्याच्या कडेला डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईनं गाडी थांबवायला हात वर केला.

कटर बंद झालं.

मी वळून बघितलं. चाचा कापायचं थांबून त्या बाईकडे बघत उभे होते. ती त्यांच्या ओळखीची नव्हती. तिचं तिकडं लक्षही नव्हतं. दोरवाले ओरडत होते, "ओ चाचा, ती गाडीला हात करती! चालू करा की!" चाचांनी ऐकलं नाही. बाईनं गाठोडं आत ढकललं, पदर सावरत पायरी चढली आणि धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसली. कंडक्टरनं घंटा दिली. गाडी हलली. वळणापर्यंत मी मागं बघत होते. ती आत चढली होती, दार लागलं होतं, रस्ता मोकळा होता, आणि चाचांनी अजून कटर सुरू केलं नव्हतं.